टॉवेल टाकून धरलेली जागा

"अब्बा, तुम्ही नाटकाला यायचं न्हाय. तुमाला समोर बघितलं की मी सगळं विसरते," असं जोयानं बजावलं होतं. शाहूपुरीत शिलाईचं दुकान चालवणाऱ्या अमीनभाईंनी निमूट मान डोलावली आणि नाट्यस्पर्धेच्या दिवशी दुपारीच दुकानाला कुलूप लावलं. पोरगी पहिल्यांदा नायिका होणार आणि बाप काजं-बटणं करत बसणार? ते काही जमण्यासारखं नव्हतं.

बेत साधा होता. शेवटच्या रांगेत, अंधारात बसायचं. चूक एवढीच झाली, की सोबतीला कागलहून दोस्त आकारामला बोलावलं. एस.टी.च्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरण्यात आकारामचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. तिकिटावर खुर्चीचा नंबर नाही हे कळताच गडी गर्दीत घुसला. अमीनभाई गाडी लावून आत आले, तेव्हा मागं मुंगी शिरायला जागा नव्हती आणि आकाराम पहिल्या रांगेत मधोमध उभा राहून ओरडत होता, "या की हिकडं! टॉवेल टाकलाय!"

"आरं मर्दा, मला लपायचं हाय!"

"मग लप की. हितनं झ्याक दिसतंय."

पडदा उघडला. जोया रंगमंचावर आली तसे अमीनभाई खुर्चीत खाली सरकले आणि टॉवेल तोंडावर घेतला. फटीतून लेकीला बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. खांदे गदगदायला लागले, तसा पलीकडचा माणूस घाबरला. "पावणं, ह्यास्नी काय हुतंय काय? पाणी आणू?"

"काय न्हाय हो," आकाराम कुजबुजला. त्याचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "पोरगी हाय त्याची स्टेजवर. बघून रडाय लागलाय!"

सभागृह चिडीचूप झालं. जोयानं खाली पाहिलं. अमीनभाईंनी डोळे गच्च मिटले. संपलं, पोरीचं आपणच वाटोळं केलं, असं त्यांना वाटलं. पण जरा वेळानं जोयाचा आवाज आला आणि नाटक पुढं सरकलं.

पडदा पडल्यावर दोघं रंगपटाबाहेर चोरासारखे उभे राहिले. जोया कंबरेवर हात ठेवूनच बाहेर आली.

"चुकलं पोरी," अमीनभाई म्हणाले. "पर तू कायबी विसरली न्हाईस."

"विसरले की! मधली आख्खी चार पानं गाळली!"

"आमास्नी तर कळलंबी न्हाय," आकाराम म्हणाला.

"कुणालाच न्हाय कळलं." आता जोयाला हसू आवरेना. "वेळेच्या वर गेलं की स्पर्धेतनं बाद करत्यात, आन् तालमीत आमचं नाटक एकदाबी वेळेत संपलं न्हवतं. आज संपलं! दिग्दर्शकांचा निरोप हाय, पुढच्या फेरीलाबी तुम्ही दोघांनी तितंच बसायचं. आन् काकांनी असंच कुजबुजायचं."