घसरगुंडीची ट्रायल

आमच्या कॉलनीतल्या घसरगुंडीवरून रोज संध्याकाळी पाच वाजता जो पहिला घसरतो, तो एकाहत्तर वर्षांचा आहे. टोपी काढून खिशात, पायजम्याच्या दोन्ही नळ्या मुठीत धरलेल्या, आणि चेहरा असा गंभीर की जणू कलेक्टरसाहेब पाहणीला आलेत. सुर्रकन खाली येतात, उठून मागची धूळ झटकतात आणि रांगेत ताटकळलेल्या पोरांना सांगतात, "पास शे. चढा!"

हे आमचे नाना. आयुष्यभर धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर जळगावला मुलाकडे आले. मुलगा-सून सकाळी नोकरीला जातात ते दिवेलागणीला येतात. दुरुस्त करायला हाताशी बस राहिली नाही, म्हणून नानांनी कॉलनीची ओपन स्पेस ताब्यात घेतली. ओपन स्पेस म्हणजे दोन झोके, एक पत्र्याची घसरगुंडी आणि उरलेल्या जागेत गाजरगवत. नाना पिशवीत पाना, ग्रीसचा डबा आणि फडकं घेऊन येतात. आधी एकेक नट आवळायचा, झोक्याच्या कड्यांना ग्रीस लावायचं, मग घसरगुंडीवर बादलीभर पाणी ओतायचं, कारण आमच्या उन्हात पाच वाजतासुद्धा त्या पत्र्यावर पापड भाजून निघेल. आणि शेवटी स्वतः बसून बघायचं. "ट्रायल लिधाशिवाय गाडी रूटवर जात नही, भो!" हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद. एकदा पाणी कमी पडलं आणि नाना अर्ध्या रस्त्यात किंचाळले. त्या दिवशी घसरगुंडी 'फेल' झाली आणि नाना दोन दिवस पालथे झोपले.

मी या कॉलनीचा सेक्रेटरी. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मला केलं, ही गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात विसरलो. पोटापाण्यासाठी मी ठिबकच्या नळ्या विकतो. म्हणजे ज्यांचे आजे-पणजे केळी लावत आले त्यांना केळीला पाणी किती द्यावं हे शिकवतो. तेव्हा आगाऊपणा अंगात मुरलेलाच. जानेवारीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी कुरकुर केली की म्हातारा माणूस झोके घेतो, पाहुणेरावळे हसतात. झालं! मी लगेच पेन काढलं आणि बोर्डाचा मजकूर तयार केला : 'बारा वर्षांवरील व्यक्तींनी खेळण्यांचा वापर करू नये. आदेशावरून, सेक्रेटरी.' 'आदेशावरून' हा शब्द मला फार आवडला होता. पेंटरने बोर्ड करायला तीन महिने लावले आणि मीही ते विसरून गेलो.

आता माझ्या घरातली गोष्ट. ती मी कॉलनीत कोणाला सांगितली नव्हती. माझी मनू पाच वर्षांची आहे. चालायला उशिरा लागली, सगळे मिळून चार-पाचच सुटे शब्द बोलते, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर घाबरून बसते. वर्षभर आम्ही तिला धुळ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे नेत होतो. मला वाटायचं, बाई एक दिवस जालीम टॉनिक देतील. बाईंनी कागदावर लिहिलं, 'रोज एक तास मैदान.' मग समजावून सांगितलं : झोक्यावर तोल सावरायला शिकेल, शिडी चढून हातांत जोर येईल, त्याच हातांनी उद्या पेन्सिल धरायची आहे. आपला नंबर यायची वाट बघणं, दुसऱ्याचं ऐकून बोलणं, हे सगळं खेळता खेळता येतं. "हिला पोरांत सोडा," बाई म्हणाल्या, आणि 'पोरांत' हा शब्द कागदावर लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

मी काय केलं? मनूला दुपारी अडीच वाजता मैदानावर न्यायला लागलो. एप्रिलमध्ये!

"अहो, या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही," बायको म्हणाली.

"ड जीवनसत्त्व," मी म्हणालो.

खरं कारण एवढंच होतं की त्या वेळी मैदानावर चिटपाखरू नसायचं. कोणी बघणार नाही, कोणी विचारणार नाही. मनूला पोरं हसतील ही भीती होती. आणि लाज वाटते तरी खरं सांगून टाकतो, मला लोक काय म्हणतील ही त्याहून मोठी होती.

तिसऱ्या दिवशी नाना बादली घेऊन हजर. त्यांनी काही विचारलं नाही. झोक्यांवर पाणी मारलं, एका झोक्यावर स्वतः बसले, दुसरा मोकळा ठेवला. मनूकडे बघितलंही नाही. नुसते एस.टी.च्या घंटीसारखं "टिंग टिंग!" म्हणाले आणि झोका सुरू. मनू माझ्या पायामागे. असं दहा दिवस. मी घामाने निथळतोय, नाना झुलताहेत. अकराव्या दिवशी मनू माझा पाय सोडून गेली आणि मोकळ्या झोक्यावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "टिंग." माझ्या ऑफिसात त्या दिवशी ज्याला ज्याला मी गाठलं त्याला हा शब्द ऐकावा लागला.

आणि दुसऱ्याच दिवशी पेंटरने बोर्ड आणून ठोकला.

नानांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. झोक्यावरून उठले आणि पिशवी घेऊन घरी निघाले. "नाना, अहो, तो बोर्ड तुमच्यासाठी नाही," मी मागे धावलो.

"मंग मी बारा वरीसना शे का?"

पुढचे चार दिवस मनू मैदानावर यायची, नानांच्या रिकाम्या झोक्याच्या साखळीला धरून उभी राहायची. आपल्या झोक्यावर बसेना. मी नानांच्या जागी बसलो, "टिंग टिंग" केलं, कंडक्टरसारखी खोटी दोरी ओढून दाखवली. पोरीने माझ्याकडे असं बघितलं, जसे माझे साहेब महिनाअखेरीला बघतात. माझ्याच आदेशावरून माझ्याच लेकीचा झोका बंद झाला होता.

शेवटी नानांच्या घरी गेलो. दारातच एका कागदावर लिहून दिलं, 'श्री. नाना यांना ट्रायलपुरती परवानगी देण्यात येत आहे.' नानांनी वाचलं आणि विचारलं, "शिक्का कोठे शे?" घरी जाऊन शिक्का मारून आणला.

"येस मी," नाना म्हणाले, म्हणजे येतो. "पण पाच वाजता. बठ्ठा पोरे ऱ्हातस तवय."

"सगळ्या पोरांत? नाना, दुपारचं ऊन तिला चांगलं..."

"जळगावमा?" एवढंच म्हणाले आणि हसले. मला ते हसणं पुरलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गेलो. वीसेक पोरं, हा गलका. मनूने माझी पँट दोन्ही हातांनी धरली. "काका, ही बोलत नाही का?" एका मुलाने विचारलं. या प्रश्नाची दहा उत्तरं मी दोन-तीन वर्षं पाठ करत होतो. त्यातलं एक निवडेपर्यंत नाना म्हणाले, "तिले इचार ना, त्याले काय इचारस?" मग माझ्याकडे वळले. "आज ट्रायल तू ले. पोरले बापनी दखाडाले पाह्यजे."

ऑफिसची पँट, पोटाचा घेर, आणि वर शिक्का मारणारा सेक्रेटरी. चढलो. बसलो. घसरलो आणि बरोबर मध्यावर अडकलो. पुढे जाईना, मागे येईना. पोरं हसून हसून लोळायला लागली. ज्या हसण्याला मी इतकी वर्षं टाळलं ते हे असं होतं, आणि आता पूर्णच्या पूर्ण माझ्या वाट्याला आलं होतं. "फेल शे, फेल शे!" नाना ओरडत होते. आणि त्यात मी मनूचं हसू ऐकलं. मान जेमतेम वळली तेवढ्यात दिसलं, ती शिडीशी होती. एक पायरी, दुसरी, मागून कोणी मुलगी तिला ढकलत होती, "चल ना, तुझ्या पप्पांना सोडवू!" त्यापुढे मला मान वळवता येईना. मग पाठीत दोन छोट्या पायांची लाथ बसली आणि आम्ही बापलेक गाजरगवतात जाऊन पडलो.

मनू उठली आणि माझ्याकडे न बघता रांगेत जाऊन उभी राहिली.

पंधरा-वीस मिनिटं सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग परी नावाची एक मुलगी मध्येच घुसली आणि मनूने तिची वेणी धरून ओढली. "माझा नंबर!" ती ओरडली. तिच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, पण मला ते तेव्हा कळलंच नाही. मी माफी मागायला धावलो. नानांनी मागून माझा शर्ट धरला.

"थांब. भांडू दे."

"अहो नाना, मारतेय ती तिला!"

"मारू दे." नानांचा आवाज बारीक झाला होता. "मन्ही धाकली बहीण व्हती, सुमी. तुन्ही मनूसारखीच. लोके हसतीन म्हणून आम्हीन तिले कधी दारबाहेर काढी नही. मीच घरमा झोका बांधी दिधा व्हता. एकलीच बसे त्यावर. बत्तीस वरीसनी व्हईसन मरी गयी. तिन्हासंगे जनमभर कोणी भांडनं नही, भो."

तिकडे परीने मनूचा फ्रॉक धरला होता, मनूने वेणी सोडली नव्हती, आणि दोघींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. मी नानांच्या शेजारी उभा राहिलो आणि आम्ही दोघांनी ते भांडण अगदी शेवटपर्यंत बघितलं.