काकाजींच्या घरामागची जीप

लोक प्रवासाला निघताना घराला कुलूप लावतात. माझ्या नवऱ्याचे काका घर सोबत घेऊन निघत, आणि त्या घराच्या मागे साखळीनं एक जीप बांधत.

आता तुम्हीच सांगा. जीप आहे तर घर कशाला न्यायचं? आणि घर न्यायचंच आहे तर जीप कशाला? नातवंडं मला शांत स्वभावाची आजी म्हणतात. काकाजींच्या जीपचा विषय निघाला नाही तर मी खरंच शांत असते.

काकाजी कापसाच्या जिनात फिटर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी भंगारातली एक जुनी बस आणली, बाकडी उपटून काढली आणि आत खाट, चूल, मोरी, देव, सगळं बसवलं. एवढ्यावर भागलं नाही. वर्ध्याच्या घराची पुढची चौकटही उंबरठ्यासकट काढली आणि बसच्या दाराला ठोकली. मूळ घराला दाराच्या जागी ताडपत्री. मी लग्न होऊन आले तेव्हा काकी त्या बसमध्येच राहत होत्या. अंगणात उभ्या बसमध्ये पोळ्या लाटत आणि खिडकीतून मला हाक मारत. उंबरठ्याबाहेर मात्र कधीच येत नसत. एकदा काकाजी त्यांना केळझरला घेऊन गेले, तर त्यांनी खिडकीतूनच टेकडीकडे हात जोडले. वर चढून देवाला सांगून आले काकाजी.

मी मॅट्रिक पहिल्या वर्गात पास. शिवाय मास्तरीण. त्यामुळे मला सगळं कळत असे. काकी गर्विष्ठ आहेत आणि काकाजी अर्धवट, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

आणि ती जीप. डिस्पोजलची, म्हणजे मिलिटरीनं विकायला काढलेली, चारही चाकं ओढणारी. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बैल पोटापर्यंत रुततो, तिथून ती निघते अशी तिची कीर्ती. ही कीर्ती आम्ही ऐकूनच होतो, कारण काकाजी ती चालवतच नसत. रोज पहाटे सुरू करत, धूर आमच्या घरात सोडत, बंद करत. बाहेर पडलं की ती बसच्या मागे, म्हशीमागच्या वगारीसारखी. साखळीनं ओढायची म्हणजे तिच्यात कोणीतरी चाक धरून, ब्रेकवर पाय ठेवून बसायला हवं. त्या माणसानं वाटभर बसचा धूर खायचा. तो माणूस बहुतेक वेळा माझा नवरा असे.

"काकाजी, हे ओझं कशाले?" असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "असू दे मांगं. खाते काय ते?"

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं ते एप्रिलात. माहेर केळझरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. शाळेच्या परीक्षा चालू, म्हणून हेडमास्तरांनी मला लग्नाच्या दिवसापुरतीच सुट्टी दिली. नवरा आदल्या दिवशीच सामान घेऊन गेला. मी म्हटलं, सकाळच्या एस.टी.नं जाते. काकाजी म्हणाले, "घरची गाडी असून एस.टी.नं काऊन जातं? आमी बी येतोच ना."

गाडी नव्हे हो, घर. पण मोठ्यांपुढे बोलायचं कसं?

तर वरमाईसारखी नटलेली मी, जांभळ्या नायलॉनच्या साडीत, केसांत गजरा, जीपचं चाक धरून बसले. "सरळ धरजो," काकाजी म्हणाले, "बाकी मी पाहतो." पवनारच्या पुलावर आमच्या मागे गाड्यांची रांग लागली. एका ट्रकवाल्यानं बाजूनं जाताना डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, लायसन आहे का?" गजरा सेलूपर्यंत काळा झाला. समोर बसची मागची खिडकी, आणि तिच्यात मसाल्याच्या डब्यांची फळी. वर्ध्यापासून मी तिखटाच्या डब्याकडे पाहत आले.

केळझर मागे पडलं आणि आभाळ फाटलं. अवकाळी पाऊस, वर गारा. माहेरच्या वाटेला बस वळली आणि थोड्याच अंतरावर मागची चाकं जी बसली ती बसलीच. लांबून, गावाच्या दिशेनं, बँडचा आवाज येत होता. मुहूर्त तोंडावर आला होता.

मी जीपमधून उतरले. चपला चिखलानं ठेवून घेतल्या. "काकाजी, जीप सोडा, आपण निघू."

त्यांनी बसमध्ये बसलेल्या काकींकडे बोट केलं. "हिले एकटी कशी सोडू? वीज कडकडून राह्यली."

"मंग त्यायले बी घ्या."

"ते उतरत नाई."

तेव्हा माझा तोल गेला. डोक्यावरचा पदर सोडून मी सासऱ्याच्या ठिकाणच्या माणसाला, भर रस्त्यात, ओरडून विचारलं, "मंग हे जीप कशाले बांधून आणली? आरतीले?"

काकाजी बसच्या दाराकडे पाहत राहिले. पावसात भिजलेलं त्यांचं तोंड पाहून मलाच कसंतरी झालं, पण मी तशीच कंबरेवर हात ठेवून उभी.

दारात काकी आल्या. हातात चुलीवरचा चिमटा होता, तो त्यांनी आत ठेवला. पातळ वर खोचलं, उंबरठ्यावर क्षणभर थांबल्या आणि पाय चिखलात टाकला.

"चाला," म्हणाल्या. "इची त वेळ चुकू नये."

काकाजींनी साखळी सोडली. त्यांना कडी सापडेना, मी दाखवली.

पुढे ते दोघं, मागे मी. चारही चाकांचा गियर पडला आणि जीप खरंच लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. काकी समोर पाहत, जणू वाटेलाच सांगत असाव्यात तशा बोलल्या. "माही माय गेली तवा असाच पानी होता. बंडी रुतली. पोचली त मायले नेलं होतं. घरी येऊन म्हटलं, आता या घराबाहेर पाय टाकत नाई." मग जरा थांबून, "मंग यायनं घरालेच चाकं लावले."

"अन् जीप?" मी विचारलं.

काकी काकाजींकडे पाहत राहिल्या. काकाजी वाटेकडे.

"इले उतरावं वाटलं असतं कधी," ते म्हणाले, "त मंग उशीर नोता व्हाले पाहिजे."

पण पुढचं ऐका. एवढं बोलून या गृहस्थांनी जीप बैलबंडीच्या चालीवर आणली. समोर मांडव दिसतोय, आत भटजींचा आवाज चढलाय.

"काकाजी, मुहूर्त."

"बसू दे तिले जराशी," ते हळूच म्हणाले.

माझ्या अक्षता शेवटच्या मंगलाष्टकाला पडल्या, त्याही नवरदेवाच्या मामावर. हा राग मी अजून सोडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, माझी सुट्टी संपल्यावर, ऊन पडलं. गावच्या बैलजोड्यांनी बस ओढून काढली. नवरा मांडव आवरायला मागे राहिला, म्हणून परत निघताना मी जीपकडे गेले, तर चाक धरून काकी बसलेल्या. "तू जाय घरात," म्हणाल्या. बसमध्ये चढले, तर काकाजींनी मागच्या खिडकीतली मसाल्याची फळी काढून ठेवलेली. हळद, तिखट, धने, सगळे डबे वर्ध्यापर्यंत माझ्या मांडीवर. पातळावरचा हळदीचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

"चांगली फळी होती," मी फणकारले. "काऊन काढली?"

त्यांनी समोरचा आरसा जरा खाली केला.

"मांगचं दिसत नोतं," म्हणाले.