दोनशेला तीन कमी

सबनीस पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढला, तो चहात बुडवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत कपाकडे बघत बसले. आमची ही बिस्किटांची बशी घेऊन दारातच थांबली.

"बासष्ट," सबनीस म्हणाले.

"गार झालाय का? गरम करून आणू?" हिने विचारलं.

"गार आहे असं मी म्हटलेलं नाही. बासष्ट आहे." आणि तो चहा त्यांनी अगदी चवीने प्यायला. तेव्हापासून सबनीस आले की चहा मीच करतो. ही स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

बेलवलीतल्या आमच्या सोसायटीत सबनीस तळमजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे हा माणूस मला घरातूनही सुटत नाही आणि पदावरूनही सुटत नाही.

"आकडा काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मला ताप आला, आकडा काय? भाचीला स्थळ आलं, मुलगा चांगला उंच आहे म्हटलं, आकडा काय? टाकीत पाणी कमी आहे असं वॉचमनने सांगितलं, तर त्या बिचाऱ्याला पट्टी देऊन गच्चीवर पिटाळला. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं पंपाचे सुटे भाग तपासण्यात गेली, त्याचा हा परिणाम. तिथला एक किस्सा मी निदान वीसदा ऐकला आहे. दिवाळीच्या तोंडावर भरलेला ट्रक त्यांनी परत उतरवायला लावला. मोठे साहेब खाली आले आणि म्हणाले, "सबनीस, केसाएवढा फरक आहे. सही करून टाका." सबनीसांनी विचारलं, "कोणाच्या केसाएवढा? जाडी काय?" ट्रक उतरला. सबनीसांचं प्रमोशनही त्या ट्रकबरोबर उतरलं. त्याचं त्यांना काही नाही. "कदम," ते मला म्हणतात, "आकडा दिसतो तो लिहायचा. आपल्याला हवा तो नाही. बाकी सगळं रिजेक्ट."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडीचं बोनेट उघडलं.

गाडी मुळात त्यांच्या लेकीची, केतकीची. मेकॅनिकल इंजिनिअर पोरगी. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिने हौसेने घेतलेली जुनी करडी गाडी आमच्या पार्किंगमध्ये राहिली. चार सिलिंडरची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, इतपत ज्ञान मला नाइलाजाने झालं आहे. सबनीसांनी आधी हवेचा फिल्टर बदलला. मग हवा गार करणारा रेडिएटरसारखा डबा मोठा बसवला. मग सायलेन्सर बदलला, आणि आमच्या सोसायटीत भांडणाला तोंड फुटलं.

रविवारी सकाळी साडेसातला खाली इंजिन गुरगुरायला लागतं आणि आमच्या मांडणीतली भांडी थरथरायला लागतात. चार घरांच्या सह्यांची तक्रार आली. मी मीटिंग बोलावली. सबनीस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले आणि म्हणाले, "गाडीचा आकडा मी घेतलाय. कदमांच्या मिक्सरचाही घेतलाय. मिक्सर चार डेसिबलने जास्त आहे." सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. तक्रार गाडीची होती आणि घरी जाऊन शिव्या मी खाल्ल्या.

शेवटी पुष्कळ वादावादी होऊन सबनीसांनी लेखी दिलं. केतकीने ठरवल्याप्रमाणे गाडीची ताकद चाकांवर दोनशे हॉर्सपॉवर भरली की काम संपलं. त्यानंतर बोनेट बंद ते बंद आणि जुना सायलेन्सर परत. कंपनीतून आली तेव्हा ती एकशे अडतीस भरत होती. सोसायटीने ठराव केला की तपासणीच्या वेळी सेक्रेटरीने साक्षीदार म्हणून हजर राहावं आणि आकडा ठरावाच्या वहीत लिहावा. म्हणजे पुन्हा मीच.

त्यांच्या आणखी एका सवयीचा मला मनापासून राग होता. रविवारी दुपारचे पावणेचार झाले की हा माणूस असेल तिथून उठतो. सभा असो, पूजा असो. आमच्या मुलाच्या साखरपुड्यात पंगतीतून अर्धी जिलबी पानात टाकून उठले. व्याही विचारत राहिले की काही चुकलं का. मी काय सांगणार? म्हटलं, त्यांचं असंच आहे.

तपासणीचा रविवार उजाडला. उल्हासनगरात जॅकी नावाच्या सिंधी मेकॅनिकचं वर्कशॉप आहे, तिथे ताकद मोजायचं यंत्र आहे. त्याला डायनो म्हणतात. मी ठरावाची वही काखेत मारून गाडीत बसलो. मनात म्हटलं, चला, आजपासून रविवारची झोप आपली.

दोनशे घोडे भरायला निघालेली ती गाडी सबनीस चाळीसच्या वेगाने चालवत होते. अंबरनाथ यायच्या आत तीन रिक्षा आणि एक दूधवाला आमच्या पुढे गेला.

"अहो, जरा दाबा की," मी म्हटलं. "एवढं सगळं केलंत कशासाठी?"

"चालवायला नाही केलं," सबनीस म्हणाले आणि एका टेम्पोलाही त्यांनी पुढे जाऊ दिलं. मग समोर बघतच बायकोबद्दल बोलायला लागले. "सुनंदा होती तेव्हा फोन तिच्याकडे असायचा. केतकीचं माझ्याशी बोलणं म्हणजे 'बाबांना सांग'. माझं तिच्याशी बोलणं म्हणजे 'तिला सांग'. सुनंदा गेली. कार्य आटोपून केतकी परत गेली आणि पहिल्या रविवारी चार वाजता फोन आला. जेवलात का, जेवलो. बरे आहात ना, बरा आहे. मग दोघंही गप्प. एक मिनिट चाळीस सेकंद, कदम. फोन ठेवायचा तरी कसा, ते दोघांनाही समजेना."

"मग?"

"मग ती म्हणाली, बाबा, माझी गाडी चालू करता का अधूनमधून? म्हटलं, करतो, उभी असताना जरा हलते. तर म्हणाली, आकडा काय?" सबनीस हसले. ते हसतात हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. "त्या दिवशी एकोणतीस मिनिटं बोललो. ती सांगते, मी करतो, पुढच्या रविवारी आकडा सांगतो. अधेमधे मग इतरही निघतं. थंडी फार आहे म्हणते. आईच्या हातची भरली वांगी कशी व्हायची विचारते. नुसतं ते विचारायला ती फोन करणार नाही आणि मीही नाही. आम्ही दोघं तसलेच."

"आणि दोनशे झाल्यावर?"

"झाल्यावर झाले," ते म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला. मला अर्धवट समजलं. उरलेल्या अर्ध्यात माझी रविवारची झोप आडवी आली होती.

जॅकीने आमचं जोरात स्वागत केलं. "आओ साईं, पहले थंडा पियो." गाडीची पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या लोखंडी रोलरवर चढवली, गाडीला चारी बाजूंनी पट्टे आवळले, समोर दांडगा पंखा लावला. मग जॅकीने आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी जागच्या जागी ऊर फुटेस्तोवर पळाली. रोलर फिरले आणि स्क्रीनवर एक रेघ वर चढत गेली.

एकशे एक्याण्णव.

सबनीसांनी नऊ मिनिटं मोजून इंजिन गार होऊ दिलं. पुन्हा. एकशे सत्त्याण्णव.

मी घड्याळ बघितलं. जॅकी म्हणाला, "साईं, इतना बस है. एक सौ सत्तानवे बोलो नाहीतर दो सौ बोलो, रोड पे कोणाला समजतं?" सबनीसांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो थंडा आणायला निघून गेला. मग त्यांनी बोनेटमध्ये वाकून हवेच्या एकेका पाइपवरून बोट फिरवलं. एका जोडावर थांबले. पट्टी कणभर ढिली होती. त्यांनी ती आवळली. कोणी सांगितलं नव्हतं. दिसलेला दोष तसाच सोडणं त्यांना जमलंच नसतं.

तिसऱ्या वेळी रेघ वर गेली ती थांबेचना. दोनशे पॉइंट सहा.

जॅकीने त्यांना मिठीच मारली. मी आनंदाने वही उघडली, पेनचं टोपण काढलं. सबनीस स्क्रीनपुढे उभे होते. त्यांनी शेडमधलं तापमान तपासलं. टायरमधली हवा तपासली. यंत्राचं सर्टिफिकेट मागून घेतलं, तारीख वाचली. सगळं बरोबर होतं. लोकांना चूक सापडू नये असं वाटतं. त्या दिवशी एखादी तरी चूक सापडावी म्हणून तो माणूस जिवाच्या आकांताने शोधत होता, आणि ते बघून मला पेन कुठे ठेवू ते कळेना.

"जॅकी," ते शेवटी म्हणाले, "दुसऱ्या रनचा कागद दे."

"साईं, तीसरा अच्छा है ना. दो सौ वाला देतो."

"दुसऱ्याचा दे."

जॅकीने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. त्याने दोन्ही कागद काढून दिले. सबनीसांनी दुसरा नीट घडी करून खिशात, थर्मामीटरशेजारी ठेवला. तिसरा हातात धरून उभे राहिले. मग तो माझ्यापुढे केला.

"हा तुमच्याकडे ठेवा, कदम. फाडायला पाहिजे, पण खरा आकडा आहे. मला फाडता येणार नाही."

मी तो वहीत घातला.

परत येताना पावणेचारला त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीपाशी घेतली. चहा आला. थर्मामीटर खिशातच राहिला. बरोबर चारला फोन वाजला. त्यांनी तो समोर ठेवून स्पीकर लावला, कारण दोन्ही हातांनी त्यांना जॅकीचा कागद उलगडायचा होता.

"बाबा, आकडा काय?"

"दुसऱ्या रनला एकशे सत्त्याण्णव."

"शी, तीनसाठी राहिलं. आणि तिसरा रन घेतलात ना?"

सबनीसांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत ज्याने केसाएवढं इकडचं तिकडे केलं नाही, त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता.

"तिसरा रिजेक्ट केला," ते म्हणाले.

"का?"

"मला पटला नाही."

"मग बरोबर असेल तुमचं," पलीकडून केतकी म्हणाली. "बरं ऐका, आता हवेच्या पाइपपासून परत सुरुवात करू. घाई नाही. आणि बाबा, वांगी केली होती मी. कडू झाली."

"शेंगदाण्याचं कूट जळलं असेल," सबनीस म्हणाले. "किती वेळ भाजलंस? आकडा काय?"

मी माझा कप उचलला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसलो. हा माणूस माझी झोप खाणार आहे, मिक्सरवरून मला बोलणी बसवणार आहे, पुढची किती वर्षं ते माहीत नाही, आणि मी वही मांडीवर घेऊन टपरीवर त्याचा फोन संपायची वाट बघतोय. चिडायचं होतं मला. जमलं नाही.

ठरावाच्या वहीत मी लिहिलं, "सेक्रेटरींनी समक्ष हजर राहून पाहिले. एकशे सत्त्याण्णव. काम अपूर्ण." खाली सही केली. सभासद माझ्यावर भडकले, ते मी ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी साडेसातला खाली गुरगुर सुरू झाली. मांडणीतली भांडी थरथरली. "संपणार होतं ना हे?" हिने उशीखालून विचारलं.

"तीन राहिलेत अजून," मी म्हटलं आणि कूस बदलली. दोनशे पॉइंट सहाचा कागद कपाटात माझ्या विम्याच्या कागदांखाली आहे. त्या टपरीवरचा फोन किती वेळ चालला तेही त्याच्या पाठीमागे लिहून ठेवलंय. एकावन्न मिनिटं. घड्याळ लावून मीच मोजली.