हैबतरावांची कूस

हैबतरावांच्या डाव्या खुब्याला जखम झाली, तेव्हा रत्नाबाईंनी मनातल्या मनात सगुणाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या घरात हैबतराव चार महिने कॉटवर पडून होते. डावं अंग गेलं, वाचाही गेली. एकेकाळी ग्रामसभेत यांच्यापुढे माइकची काय बिशाद होती! आता गळ्यातून नुसतं "हं" निघे. मुलगा ओम हिंजवडीत कंपनीची कॅब चालवी, म्हणून दिवसभरासाठी एका संस्थेकडून सगुणाबाईला ठेवलं होतं. ही तिसरी. आधीच्या दोघी रत्नाबाईंच्या तोंडाला कंटाळून पळाल्या होत्या.

"आये, हिला एक शब्द वाकडा बोलू नको," ओमनं बजावलं होतं. "ही गेली तर चौथी मिळायची न्हाई. आन् दर दोन तासांनी आबांची कूस बदलायची. अलार्म लावलाय. तिच्यावर सोडू नको."

मग त्यानं कॅबमधूनच सगुणाबाईला फोन लावला आणि हेच सांगितलं. "आईवर सोडू नका, मावशी. ती विसरते."

दोघींनी शब्द पाळला. अलार्म वाजला की सगुणाबाई हैबतरावांना उजव्या कुशीवर वळवी आणि कपडे घेऊन मोरीत जाई. तेवढ्यात गॅस बारीक करून, हात पुसत रत्नाबाई येत आणि त्यांना डाव्या कुशीवर वळवत. दोन तासांनी पाहावं तर माणूस पुन्हा उलटाच! 'माझी पाठ वळली की ही बया आपल्या सोयीनं फिरवतीया,' असं रत्नाबाईंना वाटे. 'म्हातारीला नवऱ्याचं तोंड सारखं आपल्याकडंच लागतंय,' असं सगुणाबाईला वाटे.

पण बोलणार कोण? रत्नाबाईंना ओमची तंबी होती, सगुणाबाईला संस्थेची. घरच्यांना उलट बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दोघीही राग गिळून त्या बिचाऱ्याला फिरवत राहिल्या.

हैबतरावांनी सांगून पाहिलं नाही असं नाही. दुसऱ्यांदा वळवलं की ते उजव्या हाताची दोन बोटं वर करत. रत्नाबाई लगेच दोन बिस्किटं चहात बुडवून भरवत. तीच बोटं सगुणाबाईला दिसली की ती शौचाचं भांडं आणून खाली सरकवी. पंधरा दिवसांनी हैबतरावांनी बोटं वर करणं सोडून दिलं.

जखम पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"ही हाडाला पोचली तर काही खरं नाही. यांची कूस कोण बदलतं?"

"मी!" दोघी एकदम म्हणाल्या.

"केव्हा?"

"अलार्म झाला की उजवीकडं वळवते," सगुणाबाई म्हणाली.

"मी बी तवाच," रत्नाबाई म्हणाल्या. "गॅस बारीक केला की येते आन् डावीकडं वळवते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दर दोन तासांनी हे पाच मिनिटं उजव्या कुशीवर. बाकी सगळा वेळ डाव्या."

रत्नाबाईंनी नवऱ्याच्या खुब्याकडे पाहिलं. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण द्यायच्या कुणाला ते कळेना.

"मीच नासवलं व्हय गं ह्यांचं अंग?"

"तुमी एकलीनं न्हाई, आक्का," सगुणाबाई खालमानेनं म्हणाली. "मी बी हाये की."

दुसऱ्या दिवशी अलार्म वाजला तेव्हा दोघी कॉटच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. हैबतरावांनी कॉटची कड गच्च धरली.

"सोडा जी. आता एकदाच हाय," म्हणत रत्नाबाईंनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. एकीनं खांदा धरला, दुसरीनं कंबर, आणि त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. मग दोघी तिथंच उभ्या राहिल्या. कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. हैबतरावांची नजर दाराकडे लागली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी आलं नाही. तेव्हा त्यांनी हळूच एक बोट वर केलं.

रत्नाबाई बिस्किटांच्या डब्याकडे धावल्या, सगुणाबाई भांड्याकडे. दारात दोघींची टक्कर झाली आणि रत्नाबाई एकदम थांबल्या. त्यांनी वळून नवऱ्याच्या त्या एका बोटाकडे पाहिलं. पंधरा दिवसांची दोन बोटं त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"त्ये सांगत हुते गं," त्यांनी पदर तोंडाला लावला. "रोज सांगत हुते. आन् मी बिस्कीट चारत हुते."