शेवटून वाचणारे डॉक्टर गराडे

डॉक्टर गराडे शास्त्रीय निबंध शेवटून वाचत, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या त्या खोडीच्या आधाराने त्यांना मिळायची खुर्ची मी घेतली, हे मात्र मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

डॉक्टर वडिवळ्याच्या शेतकरी घरातले. भाताचा दाणा भिजला की त्याच्या पेशींत आधी कोणतं आरएनए तयार होतं, हे ते लोणावळ्याच्या आमच्या छोट्या संस्थेत शोधत. मी त्यांचा सहायक. परदेशी शास्त्रीय मासिकाचा अंक आला की डॉक्टर तो मागून उघडत. निबंधाच्या शेवटी, ज्यांचं काम आधाराला घेतलं त्यांची आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने यादी असते. डॉक्टर ‘जी’वर बोट टेकवत. तिथे गराडे नसले की अंक खिडकीबाहेर!

एरवी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस रागावला की थेट वडिवळ्याला पोचे. “चोर हायेत समदे! भात आमी पिकवायचा न् जेवणार ह्ये! सबनीस, आण त्यो अंक. अजून एकदा फेकायचाय.”

खालून माळी सखाराम विचारी, “डॉक्टर, आज जाडा अंक न्हाई ना? कालचा टाळक्यात बसला.”

आमचा एकच मोठा निबंध झाला. काम सगळं त्यांचं. धाडताना म्हणाले, “पयलं नाव तुजं टाक. लगीन ठरतंय तुजं, सासऱ्याला दावाया हुईल.” मी नको म्हणालो. एकदाच.

दोन वर्षांनी असाच एक फेकलेला अंक मी कर्दळीतून उचलला. शेवटचं पान उघडं होतं. ‘जी’वर काही नव्हतं. ‘एस’वर होतं: सबनीस आणि गराडे. यादीत निबंध पहिल्या नावाखाली लागतो, हे एवढं साधं! वर खिडकीत डॉक्टर शिव्या देत उभे होते. मी ओरडायला हवं होतं. मी अंकाचा चिखल पुसला, वर नेऊन त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो पुन्हा फेकला.

पुढे पुण्याच्या एका ग्रंथालयात जगभरच्या अशा याद्यांची मिळून एक जाडजूड सूची येऊ लागली. तिच्यात तर फक्त पहिलंच नाव छापत. तसं तिच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. पण डॉक्टर पहिल्या पानाकडे कशाला जातील? दर वर्षी आम्ही जोडीने जायचो. ते ‘जी’च्या खंडावर मुठी आपटत. मी दुसऱ्या टेबलावर ‘एस’चा खंड घेऊन आमचा निबंध आधाराला घेणाऱ्यांच्या ओळी उतरवत असे. एकोणीस झाल्या. परतताना ते कामशेतला उतरवून मला भजी खायला घालत. “खा लेका. माजं काय, मी म्हातारा झालो. तुजं तरी नाव कुनी घ्याया पायजेल हुतं.”

मला त्यांचा आजही संताप येतो. एवढा शिकलेला माणूस! एकदा, फक्त एकदा पानं उलटून ‘एस’पर्यंत यायला काय झालं होतं? माझ्यावर इतका विश्वास टाकायला कोणी सांगितलं होतं? त्यांच्यावर चिडलं की मला तेवढ्यापुरती झोप लागते.

मग विभागप्रमुखाची जागा निघाली. उमेदवार आम्ही दोघंच. डॉक्टर आधी आत गेले, लवकर बाहेर आले.

“काय विचारलं?”

“इचारलं, तुमचं काम जगात कुनी वापरलं? म्हनलं, कुनी न्हाई. खोटं कशापायी बोलू?” मग माझी कॉलर सरळ करत म्हणाले, “तुला इचारलं तर भिऊ नगंस. म्हनावं, भात गराड्याचा हुता, त्यालाच चव नव्हती.”

एकोणीस ओळींचा कागद माझ्या खिशात होता. मी आत गेलो आणि तो टेबलावर ठेवला.

डॉक्टर आता वडिवळ्यात शेती करतात. सुगी झाली की आंबेमोहराची पिशवी पाठवतात, सोबत चिठ्ठी: “तुझं नाव आलं का रे कुठे?” तो तांदूळ आमच्या घरात सगळ्यांना आवडतो.

त्या एकोणीस ओळी डॉक्टरांच्या आहेत. तो कागद घेऊन वडिवळ्याला जायचं आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायचं, एवढं मी त्यांचं अजून देणं लागतो.