चौथी पट्टी

सदूबाब गावसांविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. गोव्यातल्या आमच्या साखळी गावात त्यांचे किस्से सांगणारे पुष्कळ आहेत. मीही चारचौघांत सांगितलेत, आणि दरवेळी एका ठराविक ठिकाणी येऊन विषय बदलला आहे. आज तिथून पुढं जायचं आहे. पण सुरुवात पंच्यापासूनच करतो, कारण सगळे तिथूनच करतात.

सदूबाबांच्या शिंप्याच्या दुकानात एक पिनबॉलचं यंत्र होतं, आणि त्याच्या आकड्यांवर सदूबाब पंचा टाकून ठेवायचे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कमरेएवढं उंच, चार पायांचं, काचेखाली उतरतं मेज. उजवीकडचा दट्ट्या ओढून सोडला की लोखंडी गोळी सुसाट वर जाते आणि ठिकठिकाणी आपटत, घंटा वाजवत खाली येते. खाली दोन छोटी वल्ही असतात. बाजूची बटणं दाबून त्या वल्ह्यांनी गोळी परत वर मारायची. जितक्या धडका तितके गुण, आणि ते मागच्या उभ्या काचेवर दिसतात. सगळं जग हे यंत्र त्या गुणांसाठी खेळतं. सदूबाबांनी नेमके तेच झाकले होते.

खाणीवरचे ट्रक ड्रायव्हर पँट शिवायला यायचे, एखादा डाव मारायचे आणि पंचा उचलायला जायचे. सदूबाब कात्री घेऊन धावत. "हात लावू नको! आकडे कित्याक बघूक व्हये? देवान कान कित्याक दिल्यानी तुका, बिडी अडकवूक?"

हे यंत्र मुरगावला लागलेल्या कुठल्याशा परदेशी बोटीवरून खाणीच्या क्लबात आलं होतं. क्लबात कॅरम आल्यावर ते अडगळीत गेलं. सदूबाब क्लबाचे पडदे शिवायला गेले आणि हे घेऊन आले. मागच्या काचेवर वाद्यवृंदाचं चित्र होतं: ढोलवाला, बासरीवाला, पियानोवाला, दोन तुतारीवाले आणि मधोमध लाल ओठांची गाणारी बाई. गोळी योग्य जागी लागली की एकेकाच्या चेहऱ्यामागं दिवा लागायचा. सदूबाबांनी त्या पाचही पुरुषांना आपल्या भजनी मंडळींची नावं दिली होती. जाडा ढोलवाला म्हणजे त्यांचा पखवाजवाला. सगळे दिवे लागले की म्हणत, "मंडळी जमली, आता सुरू करा." बाईला मात्र त्यांनी नाव दिलं नव्हतं.

दुकानात आता दोन मशीनं झाली होती आणि गिऱ्हाइकांची पंचाईत. "सदूबाब, माझा सदरा?" "मशीनवर आसा." कुठल्या मशीनवर, हे विचारायची सोय नव्हती. दसऱ्याला दोन्हींना झेंडूची माळ आणि हळदकुंकू.

मी दुकानाच्या वरच्या माळ्यावर भाड्यानं राहायचो. शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून यंत्र आल्या दिवशीच मला बोलावणं आलं. "मास्तरांनू, ह्याच्या पोटात काय आसा, जरा बघा." मी तारा साफ केल्या, तेल घातलं, काचेवरचे इंग्रजी नियम वाचून दाखवले. नियम त्यांनी जांभई देत ऐकले. यंत्राच्या पोटात मला चार धातूच्या पट्ट्या दिसल्या, प्रत्येकीसमोर एक ठोका. मी चारही बोटानं वाजवून दाखवल्या, तेव्हा मात्र सदूबाब ताठ झाले. आत जाऊन पेटी घेऊन आले. भजनात पेटी तेच वाजवत. भाता मारत त्यांनी एकेक सूर जुळवला. सा, ग, प आणि वरचा सा.

"मास्तरांनू," ते हळूच म्हणाले, "ह्या आमच्याच पट्टीत आसा."

पोटाच्या दाराची किल्ली त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिली. पुढं आठवडाभर आम्ही दोघांनी ते यंत्र पालथं घातलं. कुठं धडकलं की कुठला सूर येतो, याचा शोध. मधे छत्रीसारखे तीन गोल खांब होते. त्यांना सदूबाब अळमी म्हणत, पावसाळ्यात वारुळावर उगवतात तशी. तीन अळमी म्हणजे सा, ग, प. वरच्या डाव्या कोपऱ्यातला खळगा म्हणजे कोंड, आणि गोळी कोंडीत पडली की वरचा सा. यंत्र फार हलवलं की सगळे दिवे विझायचे. तेव्हा ते म्हणत, "रुसली." गोळी वल्ह्यांमधून निसटली की, "गेली वाळवंटीत." आमची वाळवंटी नदी दुकानामागूनच वाहते.

त्यांचा खेळ दुपारी असायचा. दीडला दुकानाची फळी अर्धी लागायची आणि तीन अळमी ओळीनं, मग कोंड, असा त्यांचा प्रयत्न चालायचा. सा, ग, प, आणि वरचा सा. कधी दहा मिनिटांत जमे, कधी तासात. जमलं की सदूबाब वल्ही सोडून मोठ्यानं म्हणत, "येतंय गे, येतंय," म्हणजे येतो गं, येतो, आणि आत जेवायला जात. मागच्या दारी फक्त पाटा आणि मांजर. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही हसायचो. म्हणायचो, शिंप्याला काचेवरची बाई बोलावते.

साखळीत दुपारी दोन ते चार कुणी कुणाला हाक मारत नाही. मी त्यातलाच. छपरातून येणारा उन्हाचा कवडसा पोटावर घेऊन पडायचो. खालून सूर वर यायचे ते झोपेच्या पाण्यात खडे टाकल्यासारखे. सा, ग, प माझ्या झोपेत विरघळायचे. त्यांची मला सवय झाली होती, खरं तर गोडी लागली होती. मी कुठल्याशा पायऱ्या चढत असायचो, तिसऱ्या पायरीवर हलकं हलकं वाटायचं, आणि तेवढ्यात तो चौथा सूर टाचणीसारखा कानात घुसायचा. मी दचकून उठायचो. मग झोप नाही ती नाहीच.

एका रविवारी सदूबाब लाटंबार्श्याला काजूच्या बागेत गेले होते. मी खाली गेलो. किल्ली माझ्याकडे होतीच. त्यांच्याच दुकानातली फ्लॅनेलची एक चिंधी उचलली आणि चौथ्या पट्टीच्या ठोक्याला घट्ट गुंडाळली. दोन मिनिटांचं काम.

सोमवारी मी निवांत आडवा झालो. सा. ग. प. मग ठप्. पुन्हा सा, ग, प. ठप्. अडीच वाजले, तीन वाजले. खाली खेळ थांबेना. "येतंय गे" येईना. चारला मी दुकानात उतरलो, तेव्हा सदूबाब घामाघूम होऊन उभेच होते. जेवले नव्हते.

"मास्तरांनू, इकडे येवा. गोळी कोंडीत पडताना नीट आयका."

त्यांनी कोंड साधली. ठप्.

"तुमका आयकाक येता?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि चोरी उघडी पडायची भीती वाटली. मी म्हटलं, "ऐकू येतो की."

सदूबाबांनी पंच्यानं तोंड पुसलं, पंचा परत आकड्यांवर नीट पसरला. मग म्हणाले, "म्हणजे माझोच कान गेलो."

त्या आठवड्यात त्यांनी भजनाची पेटी दुसऱ्याच्या मांडीसमोर ठेवली. मंडळींनी विनवलं. ते म्हणाले, "एक सूर कमी आयकता त्याणी पेटयेर बसू नये." चिंधी काढावी असं मला रोज वाटे. पण काढली आणि सूर अचानक परत आला, तर ते विचारणार, किल्ली कुणाकडे होती? असं करत महिने गेले. दुपारी चारपर्यंत तो उपाशी खेळ चालायचा. झोप माझीही गेलीच.

पुढं त्यांची मुलगी कुंदा त्यांना हळर्णला आपल्या घरी न्यायला आली. यंत्र टेंपोत चढवलं. मी गमतीनं तिला म्हटलं, "बाईला जपून न्या हो, तुमच्या बाबांना जेवायला बोलावते ती."

कुंदा हसली नाही. "आईची हाक ती, मास्तर. मागच्या दारातून रोज बोलवायची. जे-वूक-ये-वा." तिनं ती हाक त्याच चार सुरांत म्हणून दाखवली. "हल्ली अर्धवटच येते, असं बाबा म्हणतात. ये म्हणते आणि पुढचं म्हणत नाही."

टेंपो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

साखळीहून हळर्ण म्हणजे दोन बस. मला सहा वर्षं लागली. गेलो तेव्हा यंत्र व्हरांड्यात होतं, आकड्यांवर पंचा. सदूबाब खुर्चीत पेंगत होते. केस पांढरे, कानामागं हात धरायची सवय लागलेली. किल्ली अजून माझ्याकडेच होती; मी पोटाचं दार उघडलं आणि चिंधी सोडवून खिशात घातली. मग त्यांच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं म्हटलं, "सदूबाब, एक डाव."

हात काही विसरले नव्हते. पहिलं अळमं, दुसरं, तिसरं. गोळी कोंडीत पडली आणि तो सूर लख्ख वाजला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. कुंदा ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

सदूबाब कानामागं हात धरून अजून गोळीकडेच बघत होते. मग माझ्याकडे वळले. "तुमका आयकाक येता?"

"येतो," मी म्हटलं.

ते हसले. "तुमका तो पयल्यापासून येता."

कुंदानं ताटं मांडली. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, जेवूक येवा." "येतंय गे," म्हणत ते उठले. मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो. खिशात चिंधी होती. कुंदासमोर, ओरडून कसं सांगायचं, असं वाटलं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढची खेप झाली ती त्यांच्या बाराव्याला.

वाक्य दोन्ही बसमध्ये घोकून ठेवलं होतं. सदूबाब, तुमचा कान गेला नव्हता. चिंधी मी बांधली होती. मला क्षमा करा.