मुंगीची वाट

मिस्त्रींनी सुनेच्या मॉडेमसाठी खास सागवानी कपाट केलं आणि त्याच दिवसापासून घरातलं इंटरनेट बंद पडायला लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे घरात मिस्त्री सोडून सगळ्यांना कळलं होतं.

"बाबा, आत हवाच जात नाही. मॉडेम तापून बंद पडतो," सून म्हणाली.

"जाईल कशी? चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. माझ्या कपाटात मुंगी शिरून दाखवू दे!"

"मागे एखादं भोक पाडलं तर..."

"पाड की. आधी माझ्या छातीत पाड."

मग सून दार उघडं ठेवू लागली. पण उघडं दार दिसलं की मिस्त्रींचा हात आपोआप पुढे व्हायचा. जाता लावायचे, येता लावायचे.

गुरुवारी अकराला सुनेची ऑनलाइन मुलाखत होती. बाळंतपणात सोडलेल्या नोकरीनंतर तीन वर्षांनी आलेलं पहिलं बोलावणं. तिनं कपाटावर चिठ्ठी चिकटवली, 'बाबा, लावू नका.' मिस्त्री पाणी प्यायला उठले तेव्हा चष्मा खोलीतच होता. चिठ्ठी दिसली नाही. उघडं दार दिसायला त्यांना चष्मा लागत नसे.

अकरा वीसला समोरचे तिन्ही साहेब पडद्यावर गोठले.

"एक वाजता पुन्हा घेतो म्हणाले. शेवटचं," फोन ठेवत सून म्हणाली. तिनं कपाटाचं दार पुन्हा उघडलं. बोलल्या त्या सासूबाई.

"अहो, माझ्या कांद्यांच्या कपाटाला जाळी कोणी लावली होती?"

"मीच. हवा खेळली नाही तर कांदे कुजतात."

"म्हणजे माझ्या कांद्यांना हवा हवी, आणि हिच्या नोकरीला नको?"

मिस्त्रींनी कपाटाच्या दारावरून बोटं फिरवली. मग कानामागची पेन्सिल निघाली.

"मॉडेम बाहेर काढ, भुसा जाईल," ते सुनेवर खेकसले. "गार हवा खालून घ्यायची, गरम वरून सोडायची. एवढं साधं कुणाला सुचू नये?"

दारात खाली दोन ओळी, वर दोन ओळी. दोरी लावल्यासारखी सरळ भोकं.

एकला सून बसली. मिस्त्रींनी कपाटाचं दार मुद्दाम घट्ट लावलं, समोर स्टूल टाकलं आणि वरच्या भोकांवर तळहात धरला. ऊब बाहेर येत होती. पावणेदोनला सून धावत आली.

"सोमवारपासून या म्हणाले, बाबा!"

संध्याकाळी शेजारी डोकावले. "मिस्त्री, तुमच्या कपाटाला भोकं?"

"भोकं काय म्हणता?" मिस्त्रींनी छाती पुढे काढली. "मुंगी खालून शिरते, आत निवांत हिंडते आणि वरून बाहेर पडते. दाखवा असं कपाट दुसऱ्या कुणाचं!"